‘उघड विधिलिखित’ : अमेरिकेच्या पश्चिमप्रसारामागील एका समजुतीची चिकित्सा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पश्चिमेकडे विस्तार कां झाला, या प्रश्नाला सामान्य इतिहासग्रंथांत एक ठराविक उत्तर मिळतें. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतचें सर्व खंड आपणांस ईश्वरानेंच नेमून दिलें आहे अशी त्या राष्ट्राची श्रद्धा होती, व त्या श्रद्धेच्या बळावर तें पश्चिम महासागरास जाऊन भिडलें, असें तें उत्तर आहे. या श्रद्धेस इंग्रजींत जें दोन शब्दांचें नांव पडलें आहे त्याचें मराठींत ‘प्रकट नियति’ असें भाषांतर करतां येईल. परंतु आम्हांस ‘उघड विधिलिखित’ हें अधिक नेटकें वाटतें. विधिलिखित म्हटलें म्हणजे एक लेख आला. लेख आला म्हणजे तो कोणी लिहिला, केव्हां लिहिला, कोणास दाखविला, आणि तो अस्सल कीं बनावट, हे प्रश्न ओघानेंच आले. आमच्या वाचकांचा नित्याचा व्यवहार अशाच प्रश्नांशीं असतो. तेव्हां हें विधिलिखित एखाद्या जुन्या रुमालांतून निघालेल्या सनदेप्रमाणें पुढें मांडून तपासावें, असा या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. ही श्रद्धा विस्ताराचें मूळ कारण म्हणून जितकी पुढें केली जाते तितकें तिचें कर्तृत्व कागदपत्रांत दिसत नाहीं. स्वतःच्या हक्काचा लेखी पुरावा जेथें तोकडा पडण्याचें भय वाटलें तेथें ती बोलून दाखविण्यांत आली. आणि जेथें दुसऱ्याचा हक्क तपासावयाचा होता तेथें त्याच्याकडून लेखी पुरावाच मागण्यांत आला. एकाच राष्ट्रानें एकाच दशकांत पुराव्याचीं दोन मापें वापरलीं. तीं दोन्ही मापें शेजारीं शेजारीं ठेवल्याखेरीज या श्रद्धेचें खरें स्वरूप कळत नाहीं.

प्रथम मूळ लेख पाहूं. हे शब्द न्यूयॉर्कच्या ‘डेमॉक्रॅटिक रिव्ह्यू’ या मासिकाच्या जुलै-ऑगस्ट १८४५ च्या अंकांत आढळतात. लेख टेक्सस सामील करून घेण्याविषयीं असून त्यावर लेखकाचें नांव नाहीं. टेक्ससचा प्रश्न तोंवर बहुतेक निकालांत निघाला होता. सामिलीकरणाचा तह सेनेटनें जून १८४४ मध्यें ३५ विरुद्ध १६ मतांनीं फेटाळला होता. तहास दोनतृतीयांश मतें लागतात. तीं मिळण्याजोगीं नव्हतीं. म्हणून साध्या बहुमतानें होणारा संयुक्त ठराव दोन्ही सभागृहांकडून करवून घेण्यांत आला व १ मार्च १८४५ रोजीं अध्यक्ष टायलर यांनीं त्यावर सही केली. लेखकाचा रोख इंग्लंड व फ्रान्स यांवर आहे. हीं राष्ट्रें मध्यें पडून आमच्या वाढीस अडथळा करितात, अशी त्याची तक्रार आहे. त्या तक्रारीच्या ओघांत, वर्षानुवर्षें वाढत्या प्रजेसाठीं ईश्वरानें दिलेल्या खंडावर पसरण्याचें आमचें उघड विधिलिखित, असा उल्लेख येतो. लांबलचक वाक्यांतील तो एक तुकडा आहे. त्याची व्याख्या दिलेली नाहीं, त्यावर स्वतंत्र युक्तिवादही केलेला नाहीं. त्या वेळीं त्याचा फारसा बोलबाला झाला नाहीं.

दुसरा लेख ‘न्यूयॉर्क मॉर्निंग न्यूज’ या वृत्तपत्राच्या २७ डिसेंबर १८४५ च्या अंकांतील आहे. विषय ऑरेगॉनचा. हा प्रदेश १८१८ च्या करारान्वयें इंग्लंड व अमेरिका या दोघांच्याही प्रजाजनांस मोकळा होता आणि दोघांचेही हक्क कागदावर भांडत होते. या लेखांत लेखक प्रथम म्हणतो कीं, कायद्याच्या दृष्टीनेंही अमेरिकेचा हक्क सरस आहे. पण लगेच तो पुढें जातो. प्रथम शोध कोणी लावला, नदीचें मुख कोणी पाहिलें, वसाहत कोणी केली, कोणाचा मुलूख लागून आहे, हीं सर्व प्रमाणें त्याच्या मतें कोळिष्टकें होत. तीं झाडून टाकावीं. तीं सगळीं प्रमाणें इंग्लंडच्या बाजूचीं निघालीं असतीं तरी आमचा हक्क अधिक बळकट राहिला असता, कारण तो या विधिलिखितावर उभा आहे, असा त्याचा दावा आहे.

दोन्ही उतारे एकापुढें एक वाचले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शब्द तेच आहेत, पण पांच महिन्यांत त्यांची जात पालटली आहे. जुलैमध्यें जें भाकित होतें तें डिसेंबरांत मालकीहक्काचें साधन झालें. भाकित खरें ठरो वा न ठरो, त्यानें कोणाची जमीन जात नाहीं. हक्काच्या साधनाची गोष्ट निराळी. जें साधन कोणासही दाखवितां येत नाहीं आणि ज्यापुढें दाखवितां येणारीं सर्व साधनें रद्द ठरतात, अशा साधनाचा येथें प्रथम उच्चार झाला. सामान्य ग्रंथकार हे दोन्ही लेख एकाच श्रद्धेचे दोन उद्गार म्हणून देतात. आमच्या मतें हा पाठांतील भेद दुर्लक्षिण्यासारखा नाहीं.

हे लेख कोणाचे, हा वादही येथें सांगितला पाहिजे. १९२७ सालीं ज्यूलिअस प्रॅट यांनीं या शब्दांचा माग काढून ते जॉन ओ’सलिव्हन याच्या पदरीं घातले. मासिक त्याचें होतें व वृत्तपत्राचा संपादकही तोच होता. दोन्ही ठिकाणीं हे शब्द सांपडावे, यावरून प्रॅट यांचें अनुमान सयुक्तिक दिसतें. पुढें २००१ सालीं लिंडा हडसन यांनीं निराळा पक्ष मांडला. ओ’सलिव्हनच्या पत्रांत निनांवी लिहिणारी जेन मॅक्मॅनस स्टॉर्म, जी पुढें कॅझ्नो या नांवानें ओळखली गेली, तीच या लेखाची कर्ती होय, असें त्यांनीं शैली व व्याकरणाच्या लकबी संगणकाच्या साह्यानें ताडून प्रतिपादिलें. ओ’सलिव्हनचे चरित्रकार रॉबर्ट सॅम्पसन यांस तें मान्य नाहीं. आमचें मत असें कीं, छापील निनांवी लेखाचा कर्ता केवळ शैलीवरून ठरवावयाचा तर त्याच हातच्या निःसंशय लेखनाचा मोठा संग्रह जवळ असावा लागतो, आणि शिवाय संपादकाची लेखणी मध्यें फिरली नाहीं याची खातरी असावी लागते. मासिकाच्या बाबतींत ही दुसरी खातरी देतां येत नाहीं. म्हणून कर्तृत्वाचा प्रश्न खुला ठेवणें बरें. तो कसाही सुटला तरी वर दाखविलेल्या अर्थभेदास बाध येत नाहीं.

ही श्रद्धा सर्व राष्ट्राची होती, असेंही सरसकट म्हणतां येणार नाहीं. लेख छापून आठवडा लोटला नाहीं तोंच, ३ जानेवारी १८४६ रोजीं, मॅसॅच्यूसेट्सचे रॉबर्ट विन्थ्रॉप यांनीं प्रतिनिधिसभेंत त्याची थट्टा केली. हक्काचा हा एक नवाच साक्षात्कार झाला असून त्यासाठीं राष्ट्रांच्या कायद्यांत नवें प्रकरण घालावें लागेल, आणि यांकी लोकांखेरीज इतर कोणत्याही राष्ट्रास तो लागू असल्याचें कोणी कबूल करणार नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. या शब्दांस जी प्रसिद्धि मिळाली तिचा मोठा वांटा या थट्टेकडे जातो. भक्तांपेक्षां निंदकानें नांव वाढविल्याचें हें एक उदाहरण होय.

तथापि त्याच सभागृहांत ९ फेब्रुवारी १८४६ रोजीं जें घडलें तें थट्टेचें नव्हतें. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनीं ऑरेगॉनवरील हक्काचा आधार म्हणून सभेच्या कारकुनाकडून बायबलांतील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचें अठ्ठाविसावें वचन वाचविलें. मनुष्यानें फळावें, पृथ्वी व्यापावी व तिच्यावर सत्ता चालवावी, अशा आशयाचें तें वचन आहे. ॲडम्स कागदाचें महत्त्व न जाणणारे गृहस्थ नव्हते. १८१९ चा स्पेनशीं झालेला तह त्यांनींच परराष्ट्रमंत्री या नात्यानें केला होता, व बेचाळिसाव्या अक्षांशाच्या उत्तरेकडील स्पेनचे सर्व दावे त्यांत लेखी मिळविले होते. मेक्सिकोशीं झालेल्या युद्धाचे ते कट्टर विरोधक. असा मनुष्यही ऑरेगॉनपुरता धर्मग्रंथाचा दस्तऐवज करितो, यावरून ही वृत्ति एका पक्षाची वा एका संपादकाची नव्हती हें कबूल केलें पाहिजे. प्रामाणिकपणें ती धारण करणारे होते. आमचा आक्षेप त्यांच्या प्रामाणिकपणावर नाहीं.

प्रश्न हा कीं, प्रत्यक्ष भूमि या श्रद्धेनें मिळविली काय? ऑरेगॉनचा निकाल १५ जून १८४६ च्या तहानें, एकोणपन्नासाव्या अक्षांशाची रेघ ओढून झाला. म्हणजे कोळिष्टकें झाडून झाल्यावर पुन्हां कागदच करावा लागला, आणि विधीनें सबंध खंड दिलें असतांही त्या रेघेच्या उत्तरेचा भाग सोडून द्यावा लागला. समोर इंग्लंड होतें. मेक्सिकोच्या बाबतींत अध्यक्ष पोक यांनीं ११ मे १८४६ रोजीं काँग्रेसकडे पाठविलेल्या संदेशांत विधिलिखिताचा आधार घेतला नाहीं. अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलें, हें वस्तुस्थितीचें कारण दिलें. न्वेसेस व रिओ ग्रान्दे या नद्यांमधील ज्या पट्ट्यांत २५ एप्रिल रोजीं चकमक झाली तो कोणाचा, हाच मूळ वाद होता. २२ डिसेंबर १८४७ रोजीं अब्राहम लिंकन यांनीं ठराव आणून रक्त सांडलें ती नेमकी जागा दाखवा, असें विचारलें. दस्तऐवजाची चतुःसीमा विचारणाऱ्या चिकित्सकाचाच तो प्रश्न होता.

या प्रकरणीं सर्वांत बोलका पुरावा पोक यांची स्वतःची रोजनिशी होय. शिकागो हिस्टॉरिकल सोसायटीनें ती १९१० सालीं चार खंडांत छापली. ९ मे १८४६ च्या नोंदीवरून दिसतें कीं, चकमकीची बातमी पोंचण्यापूर्वींच, त्या दिवशींच्या मंत्रिमंडळाच्या बैठकींत युद्धाचा संदेश पाठविण्याचें ठरलें होतें. आरमारमंत्री जॉर्ज बॅन्क्रॉफ्ट, जे स्वतः अमेरिकेचे नामांकित इतिहासकार, त्यांनीं एकट्यांनीं मेक्सिकोकडून आगळीक होईपर्यंत थांबण्याचें मत दिलें. बातमी आली ती सायंकाळीं. जगापुढें मांडलेलें कारण निर्णयानंतर हातीं आलें, हें आपणांस चौसष्ट वर्षांनीं छापून निघालेल्या एका खासगी वहीवरून कळतें. श्रद्धेचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं लोकांपुढील भाषणांवर विसंबून अशा वह्यांकडे पाठ फिरवूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

२ फेब्रुवारी १८४८ रोजीं ग्वादालूपे इदाल्गो येथें तह झाला. परत बोलावणें आलें असतांही वकील निकोलस ट्रिस्ट यांनीं तो पुरा केला. मेक्सिकोनें कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इत्यादि विस्तीर्ण प्रदेश सोडला व टेक्ससवरील हक्क टाकून रिओ ग्रान्दे ही सीमा मान्य केली. अमेरिकेनें दीड कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. जें विधीनें आधींच दिलेलें होतें त्याचें मूल्य कां मोजलें, हा प्रश्न त्या श्रद्धेच्या भाष्यकारांनीं आपणांस विचारावा. त्याहून महत्त्वाचें पुढेंच आहे. मेक्सिकन सरकारानें दिलेलीं जमिनींचीं दानपत्रें ग्राह्य धरावीं, असें सांगणारें तहाचें दहावें कलम सेनेटनें १० मार्च १८४८ रोजीं मंजुरी देतांना साफ काढून टाकलें. मेक्सिकोची समजूत घालण्यासाठीं २६ मे रोजीं केरेतारो येथें खुलासा लिहून देण्यांत आला, कीं कलम गळलें तरी दानपत्रें रद्द होत नाहींत. या खुलाशास तहाचें बळ नाहीं, अशी भूमिका पुढें अमेरिकेच्या सरकारानें घेतली.

येथून दुसरें माप सुरू होतें. ३ मार्च १८५१ च्या कायद्यानें कॅलिफोर्नियांतील प्रत्येक जुन्या जमीनधारकानें दोन वर्षांच्या आंत आपला हक्क कमिशनापुढें सिद्ध करावा, न केल्यास जमीन सरकारजमा, असें ठरलें. ८१३ दावे दाखल झाले. त्यांपैकीं सुमारे ६०० कायम झाले. मालकीपत्र हातीं पडावयास सरासरीनें सतरा वर्षें लागलीं, असा हिशेब दिला जातो. तोंवर वकील व सावकार यांचें देणें भागवितां भागवितां कित्येकांच्या जमिनी गेल्या. मेक्सिकन अमलांतील एका जमिनीची मिसल म्हणजे अर्ज, हातनकाशा, स्थानिक अधिकाऱ्याचा अभिप्राय व दानपत्राची नक्कल. सीमा ओढा, टेकडी, झाड यांवरून सांगितलेली. अशा मिसलींवर मोजणीखात्याच्या काटेकोरपणानें बोट ठेवणें सोपें होतें. आमच्या वाचकांस याच सुमारास, १८५२ च्या अकराव्या कायद्यानें, मुंबई इलाख्यांत चाललेल्या इनाम कमिशनाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाहीं.

कागद तपासणेंच अन्यायाचें होतें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. बनावट दानपत्रें खरोखरच होतीं. लिमान्तूर नांवाच्या फ्रेंच व्यापाऱ्यानें सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मोठ्या भागावर दावा सांगितला, कमिशनानें १८५६ सालीं तो कायमही केला; परंतु १८५८ सालीं न्यायाधीश ऑग्डेन हॉफमन यांनीं कागद बनावट ठरवून तो फेटाळला. हॉफमन यांचें तें काम कोणाही संशोधकानें वाखाणावें असेंच आहे. अन्याय तपासणींत नव्हता. ज्यानें स्वतःच्या हक्काचे कागद कोळिष्टकें म्हणून झाडले त्यानेंच जितांकडून चतुःसीमेसह कागद मागितले, यांत तो होता.

आणि जितांच्या बाजूचा कागद जेथें मुद्दाम झांकून ठेवला गेला तेथें तर या दुटप्पीपणाची परमावधि झाली. १८५१ च्या मार्चपासून १८५२ च्या जानेवारीपर्यंत वॉशिंग्टन सरकारच्या तीन कमिशनरांनीं कॅलिफोर्नियांतील मूळ रहिवाशांशीं अठरा तह केले. त्यांनीं इतर भूमि सोडावी व सुमारे ७५ लक्ष एकर त्यांच्यासाठीं राखून ठेवावे, असें त्यांत ठरलें होतें. सेनेटनें ८ जुलै १८५२ रोजीं गुप्त बैठकींत अठराही तह नामंजूर केले व ते गुप्ततेच्या निर्बंधाखालीं ठेवले. तो निर्बंध १८ जानेवारी १९०५ रोजीं उठला. मधल्या काळांत, १९०१ सालीं, वॉर्नर रँच येथील मूळ रहिवाशांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, १८५१ च्या कायद्याप्रमाणें त्यांनीं मुदतींत दावा दाखल केला नाहीं, सबब त्यांचा हक्क उरला नाहीं. १९०३ सालीं त्यांस पिढीजात गांवांतून उठवून पाला येथें नेण्यांत आलें. नामंजूर तह हा मालकीचा आधार होत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण सरकारनें स्वतः ज्यांच्याशीं बसून भूमीची वांटणी लिहिली होती त्यांस, तुमचा कागद कोठें आहे, असें विचारलें जात असतां तो लेख सेनेटच्या दप्तरांत बंद होता, ही गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं.

हा कागद बाहेर आल्यावर निरुपयोगी ठरला नाहीं. १९२८ च्या कायद्यानें त्या तहांच्या आधारें सरकारावर फिर्याद करण्याची वाट मोकळी झाली व १९४४ सालीं सुमारे १ कोटी ७० लक्ष डॉलरांची भरपाई ठरली. सरकारनें तोंवर केलेला खर्च म्हणून त्यांतून सुमारे १ कोटी २० लक्ष वजा झाले, आणि उरले सुमारे ५० लक्ष. रक्कम तोकडी खरी. तरी बावन्न वर्षें कोंडलेल्या लेखावरून ती मिळाली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां एका प्रसिद्ध साधनाविषयीं सावधगिरीची सूचना. या श्रद्धेचें चित्र म्हणून आकाशांतून पश्चिमेकडे तरंगत जाणाऱ्या शुभ्रवस्त्रा स्त्रीचें जें चित्र ग्रंथांतून छापतात तें जॉन गॅस्ट यानें १८७२ सालीं, प्रवासवाटाड्यांचे प्रकाशक क्रोफट यांच्या सांगण्यावरून काढलें. तिच्या हातीं शाळेचें पुस्तक आहे व तारायंत्राची तार आहे. आगगाडी १८६९ सालींच खंडापार पोंचली होती. काम झाल्यावर प्रवाशांस विकण्यासाठीं काढलेलें हें चित्र १८४५ च्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून पुढें करणें, म्हणजे उत्तरकालीन बखरीवरून समकालीन पत्राचें काम करून घेणें होय.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. कॅलिफोर्नियांतील स्पॅनिश व मेक्सिकन अमलाचें दप्तर सॅन फ्रान्सिस्को येथें होतें. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगींत त्याचा बहुतेक भाग जळाला. ह्यूबर्ट बॅन्क्रॉफ्ट या पुस्तकविक्रेत्या-इतिहासकारानें १८७० नंतरच्या दशकांत कारकून बसवून त्या दप्तराच्या नकला व टांचणें करविलीं होतीं. त्याचा संग्रह कॅलिफोर्निया विश्वविद्यालयानें १९०५ सालीं विकत घेतला, आणि तो आगींतून वांचला. मूळ गेल्यावर या नकलाच आज आधार आहेत. विधीनें काय लिहिलें होतें हें वाचण्याचें साधन आमच्यापाशीं नाहीं, आणि तें वाचल्याचा ज्यांनीं दावा केला त्यांनींही तें कोणास दाखविलें नाहीं. मनुष्यांनीं लिहिलेलें मात्र दाखवितां येतें, जुळवितां येतें, खोटें असल्यास खोडतां येतें. ज्या दिवशीं कोणी अशा कागदांस कोळिष्टकें म्हणेल त्या दिवशीं ते कागद कोणाच्या हिताआड येत आहेत, हें प्रथम शोधावें. आणि ते आपल्या संग्रहीं असतील तर त्यांची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी.